कोजागिरीची हाउजी, तीन पत्ती आणि सोसायटीचा कट

(परळमधली पुनर्विकसित इमारत. ए विंगमध्ये जुन्या चाळीतले भाडेकरू, बी विंगमध्ये नंतर फ्लॅट विकत घेतलेले. ग्रुप एकच. साल २०२५.)

परब (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 कोजागिरी सोमवारी, ६ ऑक्टोबरला गच्चीवर. साडेआठला हाउजी, साडेदहाला दूध. हाउजीचं तिकीट यंदा ५० रुपये (गेल्या वर्षी २० होतं). बी विंगमधून सूचना आली आहे की दूध झाल्यावर ज्यांना जागायचंय त्यांच्यासाठी तीन पत्तीची दोन टेबलं लावावीत, बूट (डाव सुरू होताना प्रत्येकानं लावायची रक्कम) १० रुपये. कोणाचं काही म्हणणं असेल तर कळवा.

नार्वेकर (ए-३०२): अनुमोदन!! यंदा फुल हाउस माझंच.

शैला कदम (ए-५०४): हाउजीचं ठीक. तीन पत्तीला माझी हरकत आहे. गच्चीवर पोरंटोरं असतात. पैसे लावून पत्ते सोसायटीच्या जागेत नकोत.

रोहन (बी-१७०४): काकू, १० रुपये बूट आहे हो. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला ४०० देतो, त्याला कोणी पाप म्हणत नाही.

शैला कदम: पॉपकॉर्न खाताना तू शेजारच्या खुर्चीवरच्याच्या खिशातले ४०० घेत नाहीस.

पटवर्धन (बी-९०१): कदमताई, कोजागिरीच्या व्रतात तर खुद्द लक्ष्मीच सांगते, ‘तस्मै वित्तं प्रयच्छामि अक्षैः क्रीडां करोति यः’. जो जागतो आणि फासे खेळतो त्याला मी धन देते. दिवाळीतल्या पाडव्याच्या दिवसाचं नावच मुळी द्यूतप्रतिपदा. आपल्या परंपरेत हे चालत आलंय.

शैला कदम: परंपरेत बरंच काही चालत आलंय, पटवर्धन. तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, ऋग्वेदात जुगाऱ्याचं सूक्त आहे म्हणून?

पटवर्धन: आहे. दहावं मंडल, चौतिसावं सूक्त. ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’. फासे खेळू नकोस, शेती कर.

नार्वेकर: परळमध्ये शेती कुठे करायची तेवढं सांगा.

ॲड. गोखले (बी-१२०३): निवृत्त असलो तरी राहवत नाही म्हणून लिहितो. न्यायालयांचंही या बाबतीत पटवर्धनांसारखंच आहे, दोन्ही बाजूंना आधार सापडतो. १९५७ साली चमारबागवाला खटला झाला. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा बंगळूरहून चालायच्या आणि मुंबई सरकारनं त्यांच्यावर कर लावला होता. सुप्रीम कोर्टानं जुगार हा व्यापारच नाही, त्याला व्यापाराचं संरक्षण मिळणार नाही, असं ठरवलं. त्या निकालात हे ऋग्वेदातलं सूक्तही आलंय. आणि दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, घेरूलाल पारख खटल्यात त्याच कोर्टानं सांगितलं की पैजेचा करार रद्दबातल असतो, पण बेकायदा नसतो, आणि कायद्याच्या अर्थानं अनैतिकही नसतो. दोन भागीदारांनी हापूडच्या पेढ्यांशी गव्हाच्या भावावर सट्टा केला होता आणि तोटा कोणी सोसायचा यावर भांडण होतं.

नार्वेकर: म्हणजे मी हरलो आणि पैसे दिले नाहीत तर रोहन कोर्टात जाऊ शकत नाही?

ॲड. गोखले: नाही. करार कायदा १८७२, कलम ३०.

नार्वेकर: मग तीन पत्तीलाही माझं अनुमोदन.

रोहन: गोखले सर, रमीला तर कोर्टानंच स्किल म्हटलंय ना?

ॲड. गोखले: १९६७ च्या निकालात, हो. सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण. पण त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. त्यामुळे तुझ्या टेबलाला उपयोग नाही.

मुणगेकर आबा (ए-१०१): (नात टाइप करतेय.) आबा म्हणतात, एवढं कोर्ट कशाला? गिरणगावात कोण लावत नव्हतं? आधी न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव काय उघडतो, काय बंद होतो यावर मटक्याचा आकडा लागायचा. १९६१ ला ते थांबलं, मग कल्याणजी भगतनं आपला काढला, १९६४ ला रतन खत्रीनं. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. ओपनचा आकडा रात्री नऊला, क्लोजचा बाराला. रातपाळीवाला साचा सोडून विचारायला यायचा, ‘काय आलं?’ मी लावायचो. चार आणे, आठ आणे. आबा म्हणतात, याला हाव म्हणू नका. पगार किती येणार ते ठाऊक होतं, खोली केवढी ते ठाऊक होतं, पुढच्या वीस वर्षांत काही बदलणार नाही हेही ठाऊक होतं. नऊ ते बारा एवढंच काय ते ठाऊक नसायचं. १९८२ ला संपात उतरलो तेव्हा आख्खं घर लावलं. त्याला कोणी जुगार म्हटलं नाही.

परब (सचिव): आबा 🙏

शैला कदम: आबा, तुम्ही म्हणता ते मी बघितलंय. माझे वडीलही नऊ वाजता खाली जायचे. त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही, कोणाला म्हणूही देणार नाही. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर वाणी आईला उधार द्यायचा नाही, कारण वडील कुठे असतात ते त्याला माहीत होतं. तुम्हाला तीन तासांची आशा मिळत होती हे खरं. ती विकणाऱ्याला आशा करावी लागत नव्हती. तो रोज जिंकत होता.

प्राची (खजिनदार, ए-६०३): ताई म्हणतात त्याचा हिशोब अगदी सोपा आहे. एकेरी आकडे शून्य ते नऊ, म्हणजे दहा. लागला तर रुपयाला नऊ. सगळे आकडे सारखेच निघतात असं धरलं तर दहा जणांनी दहा रुपये लावायचे, एकानं नऊ न्यायचे, एक रुपया पेढीवर. शेकडा दहा. नशीब फक्त लावणाऱ्यांमध्ये वाटलं जातं, पेढीला त्याची गरजच नसते.

प्राची: आता खजिनदार म्हणून एक गोष्ट सांगते, कोणी रागावू नका. गेल्या कोजागिरीला हाउजीची १८० तिकिटं गेली. ३,६०० जमा. बक्षिसं दिली ३,००० ची. ६०० गच्चीच्या दिव्यांच्या खर्चाला वळवले. शेकडा साडेसोळाच्या वर.

नार्वेकर: म्हणजे आपली सोसायटी रतन खत्रीपेक्षा महाग??

परब (सचिव): कमिटीनं ते चांगल्या कामासाठी घेतले होते. दिवे सगळ्यांचेच आहेत.

शैला कदम: चांगल्या कामासाठीच घेतात सगळे.

ॲड. गोखले: प्राची, हे बरं झालं सांगितलंस. १८८७ चा आपला जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. अड्डा कशाला म्हणायचं तर ज्या जागेत खेळातून जागा चालवणाऱ्याला फायदा होतो ती जागा. चार मित्र घरात खेळले आणि कोणी कट, म्हणजे आपला हिस्सा, घेतला नाही, तर प्रकरण वेगळं. पत्त्यांच्या टेबलावर सोसायटीनं एक रुपयाही घेतला तर मी तरी सचिवांचं वकीलपत्र घेणार नाही.

परब (सचिव): सर, मला कशाला यात ओढताय?

डिसोझा (बी-४०२): हाउजी आमच्या पॅरिशच्या प्रत्येक कार्यक्रमात असते, लहानपणापासून खेळतोय, त्यामुळे मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण आमच्या गोव्यातलं सांगतो. मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना आत जायला बंदी. बाहेरून आलेल्यांना मात्र या, बसा. आपल्या पोरांसाठी वाईट आहे हे सरकारला कळलं म्हणूनच बंदी घातली ना? मग दुसऱ्यांची पोरं चालतात कशी? जुगारापेक्षा मला हेच जास्त लागतं.

तावडे (ए-२०३): महाराष्ट्रानं तरी काय केलं? १९६९ पासून सरकारचीच लॉटरी आहे.

ॲड. गोखले: आणि १९७६ चा कॅसिनो कायदाही होता. विधिमंडळानं मंजूर केला, पण अंमलात कधी आणलाच नाही. २०२३ मध्ये रद्द करायचं ठरवलं. लॉटरीच्या केंद्राच्या कायद्यात मात्र एक अट चांगली आहे, एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवता येत नाही. मटक्याची चाल सरकारला ठाऊक आहे.

तावडे: आणि २२ सप्टेंबरपासून लॉटरीवर, कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी. जितकं वाईट तितका सरकारचा हिस्सा मोठा. त्यात विधान परिषदेतला मंत्र्यांचा तो रमीचा व्हिडिओ तर

परब (सचिव): तावडे, राजकारण नको. ग्रुपचा नियम आहे.

तावडे: बरं. राजकारण सोडून सांगतो. माझा भाचा गावाला असतो, कोणाला सांगितलं नव्हतं. मोबाइलवर रमी. जिंकायला लागला तेव्हा घरात टीव्ही आला, तेव्हा कोणी विचारलं नाही. मग घरचं सोनं गहाण. आम्हाला कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन आम्हा सगळ्या नातेवाइकांना यायला लागले तेव्हा. आबा, तुमचा मटकेवाला रात्री बारानंतर झोपायला तरी जात होता. याला रात्री दोन वाजता मेसेज यायचा, ‘परत या, ५०० बोनस’.

रोहन: काका, वाईट वाटलं. पण आता ऑगस्टमध्ये कायदा झाला ना? पैशांचे ऑनलाइन खेळ सगळे बंद, स्किल असो की नशीब. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड.

तावडे: आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ते बरं केलं. पण ॲप बंद झालं त्याच आठवड्यात त्याला बाहेरच्या देशातल्या साइटची लिंक आली. आम्ही फोन काढून घेतलाय. तिशीतल्या माणसाचा फोन काढून घ्यायचा, कसं वाटत असेल बघा.

शेख (बी-८०२): अस्सलाम, नमस्कार. मी सहसा लिहीत नाही. आमच्याकडे जुगार हराम आहे, त्यात ५० रुपये आणि ५ कोटी असा फरक नाही. म्हणून गेल्या वर्षी हाउजीच्या वेळी आम्ही खाली थांबलो आणि दुधाला आलो. कोणी खेळू नये असं माझं म्हणणं नाही, तो ज्याचा त्याचा विचार. फक्त मुलांना खाली थांबवणं जड जातं. तिकिटाला पैसे नसतील आणि बक्षीस कोणी तरी आपणहून दिलेलं असेल, तर आम्हाला अडचण नाही. कोणाचं काही जाणारच नाही त्यात.

शैला कदम: शेखभाई, गेल्या वर्षी कोणाच्या लक्षातच आलं नाही हो.

नार्वेकर: भाईजान, तुमचं पटतं, पण फुकटच्या तिकिटाला ती मजा नाही. वीस रुपये गेलेले असले की माणूस आकडा नीट ऐकतो.

रोहन: एक्झॅक्टली. थोडी रिस्क असल्याशिवाय मजा नाही. आणि रिस्क घेणं अनैतिक असेल तर शेअर बाजारही बंद करा.

प्राची: शेअर घेऊन ठेवणं वेगळं. तू ऑप्शन्स करतोस, म्हणजे भाव कुठे जाईल यावरचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच जुलैमध्ये सांगितलंय, २०२४-२५ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. आणि ब्रोकरेज सौदा झाला की द्यायचंच, हरलास तरी.

रोहन: मी उरलेल्या ९ टक्क्यांत आहे.

मुणगेकर आबा: (नात टाइप करतेय.) आबा हसतायत. म्हणतात, आमच्या खात्यातला प्रत्येक जण हेच सांगायचा.

रोहन: आबा, यात अभ्यास असतो. चार्ट असतात.

मुणगेकर आबा: आबा म्हणतात, आमच्याकडेही वही होती. मागच्या तीन वर्षांचे आकडे लिहिलेली. स्वप्नात साप आला तर काय लावायचं तेसुद्धा होतं त्यात.

पटवर्धन: एक प्रामाणिक प्रश्न. चाळीतला माणूस चार आणे लावतो तो जुगार, टॉवरमधला माणूस चार लाख लावतो ते ट्रेडिंग, आणि सरकार लावायला सांगतं ती लॉटरी. मग आपण नक्की कशाला वाईट म्हणतोय?

शैला कदम: मी माझ्यापुरतं सांगते. खेळणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही, रोहनलाही नाही. कोणी हरलं की ज्याचा गल्ला भरतो आणि जो स्वतः कधीच हरत नाही, त्याला म्हणते. गेल्या वर्षी त्या जागेवर आपली कमिटी होती. ६०० रुपयांची होती, पण होती. आणि मुलांचं म्हणाल तर जिंकलेला काका नोटा मोजताना दिसतो, हरलेला काका मान खाली घालून घरी गेलेला त्यांना दिसत नाही. अर्धंच बघतात ती.

डिसोझा: ताई, यावर माझं मत तुम्हाला.

ॲड. गोखले: मला हे पूर्ण पटत नाही. कट नसला तरी हरणारा हरतोच. घेरूलालमध्ये पेढीचा कट नव्हता, तरी भागीदार कोर्टात भांडलेच. पण सोसायटीपुरता हा नियम वापरायला सोपा आहे, एवढं मान्य.

परब (सचिव): बरं, रात्रीचे साडेअकरा झाले. कमिटीतल्यांशी फोनवर बोललो. हाउजीचं तिकीट २० च. जमलेले सगळे पैसे बक्षिसात, सोसायटी काही ठेवणार नाही. दिव्यांचा खर्च कार्यक्रमाच्या वर्गणीतून. मुलांसाठी वेगळा खेळ, तिकीट नाही, त्याची बक्षिसं कमिटीतले पाच जण आपल्या खिशातून देतील. शेखभाई, आठ वाजताच या, मुलांचं आधी घेऊ. गच्चीवर पत्ते आणायला हरकत नाही, पैसे लावायचे नाहीत.

शेख: शुक्रिया. पाच नाही, सहा जण धरा. एक बक्षीस माझ्याकडून.

नार्वेकर: बिनपैशाची तीन पत्ती म्हणजे काय ते कोणी तरी मला समजावा.

रोहन: नार्वेकर काका, दूध झालं की माझ्याकडे या. घरात कोण अडवणार?

शैला कदम: कोणी नाही. घर तुझं, खेळ तू. दार लावून खेळा एवढंच.

ॲड. गोखले: आणि रोहन, चहाचेसुद्धा पैसे काढू नकोस.

मुणगेकर आबा: (नात टाइप करतेय.) आबा विचारतायत, बूट किती ठेवणार?