अनुभव सांगा: तुमच्या घराजवळचं व्हिएतनामी हॉटेल

शेवंती_७१
काल गोडा मसाला करायला घेतला. बाद्यान कढईत पडलं, जरा फुललं आणि तो वास आला तशी हातातलं उलथणं धरून तशीच उभी राहिले. डोळ्यांसमोर अमेरिकेतलं सॅन होजे, टली रोडच्या मागची गल्ली, लॉन्ड्रीला चिकटून असलेलं आठ टेबलांचं हॉटेल.

२००९ची गोष्ट. नव्याने गेलेलो, मला सहावा महिना, पोटात काही ठरायचं नाही. एक दिवस कपडे मशीनमध्ये टाकले आणि शेजारून वास आला म्हणून आत शिरले. दाराशी जमिनीवर त्यांचा छोटासा देव्हारा, पुढे संत्री आणि उदबत्ती. चिकनचा फो, म्हणजे त्यांचं तांदळाच्या शेवयांचं सूप, मागवला. वाडगा म्हणजे आपलं परातीएवढं भांडं, वर वाफ. सोबत ताटलीत त्यांच्याकडची जांभळ्या देठाची तुळस, मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरचीचे काप. मी नुसतीच बघत बसले. तर मालकीणबाई आल्या, तुळशीची पानं खुडून वाडग्यात टाकली, लिंबू पिळलं आणि हातानेच खूण केली, आधी वास घे. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग दर गुरुवार ठरलेला. माझ्यासमोर कोणी बर्फाचं पाणी ठेवलं की मावशी ते उचलून न्यायच्या, गरम चहा ठेवायच्या. लेक झाल्यावर तर जास्तच. बाळंतिणीने थंड खायचं नाही, आलं खायचं, पाय उघडे टाकायचे नाहीत, हे सगळं त्यांनी मला खुणांनी सांगितलं. आई तिकडे साताऱ्यात, व्हिसा मिळाला नव्हता. माझं बाळंतपण त्या मावशींनीही केलं असंच मी धरते.

तुमच्याही घराजवळ असं एखादं असेल तर लिहा.

कोकणकडा
आई गं, शेवंतीताई. वाचून गलबललं.
आम्ही मेलबर्नला, फुट्सक्रेच्या बाजूला. इथे हाकेच्या अंतरावर चार आहेत. माझी आई मालवणहून आली तेव्हा तिला बान सेओ खायला नेलं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर पातळ पसरून कड कुरकुरीत. आई म्हणाली, "अगो, ह्यां तर घावनच!" सेओ म्हणजे तव्यावर पीठ पडल्यावर होणारा चर्र आवाज, हे हॉटेलवाल्या दादाने सांगितलं. हे लोक तो तुकडा लेट्यूसच्या पानात गुंडाळून, आत पुदिना वगैरे घालून, आंबटगोड पाण्यात बुडवून खातात. आईने मात्र नारळाची चटणी नाही का विचारलं.

मधुरा_के
आम्ही पूर्ण शाकाहारी, त्यामुळे अनुभव कडू. एका ठिकाणी भाज्यांचा रोल म्हणून घेतला, सोबतच्या पाण्यात मासळीचा सॉस निघाला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नंतर कधी गेलोच नाही.

पाटणकर_डॅलस
@मधुरा, वाईट वाटलं. पण पाटीवर "चाय" शब्द शोधा. त्यांच्यात चाय म्हणजे शाकाहारी. पुष्कळ बौद्ध लोक पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, म्हणून निव्वळ चाय हॉटेलंही असतात. इतर ठिकाणी "नुओक माम नको" (म्हणजे तोच मासळीचा सॉस) सांगायचं, आणि फोचं पाणी कशाचं आहे तेही विचारायचं, कारण टोफूचा फोसुद्धा कधीकधी हाडांच्या पाण्यात येतो.

आमच्या बाबांनी इथे आल्यावर बसल्याबसल्या विचारलं, "चाय?" आजीबाई हसल्या, आत गेल्या आणि शाकाहारी मेन्यू आणून ठेवला. बाबा माळकरी. दोघांचंही काम झालं.

मधुरा_के
अय्या! हे माहीतच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवते. धन्यवाद पाटणकरकाका.

रानजाई
फोनवरून लिहितेय, कुकर होईपर्यंत. कॉफी!!! ती छोटी पत्र्याची गाळणी पेल्यावर ठेवतात, खाली मिल्कमेडसारखं घट्ट दूध, थेंब थेंब पडते. पीएचडीची दोन वर्षं मी त्या थेंबांकडे बघत काढली. मालक दुसरी कॉफी मागितली की बिलात लावायचा नाही. शिट्टी झाली, येते.

गिरणगाव
जर्मनी, केमनिट्स. २०१६ ते १८. स्टेशनजवळ एक बाई नूडल्सचं दुकान चालवायच्या. त्यांचं जर्मन तोडकं, माझं त्याहून तोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. व्हिएतनाम आणि पूर्व जर्मनी यांचा १९८० साली करार झाला आणि हजारो तरुण मुलंमुली तिथल्या कारखान्यांत कामाला आली, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या कापडगिरणीत होत्या. बाई गरोदर राहिली तर परत पाठवत, म्हणाल्या. बर्लिनची भिंत पडली, गिरण्या बंद झाल्या, आणि एका रात्रीत काम गेलं. मग फुलं विकली, मग कपडे, मग हे दुकान.

मी त्यांना सांगितलं, माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर परत आत गेले नाहीत. घरी आजीने पोळीभाजीचे डबे सुरू केले त्यावर माझे वडील शिकले. बाईंनी हातातला झारा खाली ठेवला, ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आजी किती डबे करायची?" चाळीस, म्हटलं. त्यांनी मान हलवली. चाळीस म्हणजे किती असतात ते त्यांना नेमकं कळलं होतं.

कोकणकडा
@गिरणगाव 🙏 आजीला नमस्कार सांगा.

गिरणगाव
आजी २०२०मध्ये गेली. पण लिहिलंत, बरं वाटलं.

तळेगावकर
एक भर. पाटीवर ५४ किंवा ७५ असा आकडा दिसला तर तो बहुधा सालाचा. १९५४ला व्हिएतनामची फाळणी झाली, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले. ३० एप्रिल १९७५ला दक्षिणेची राजधानी सायगॉन उत्तरेच्या हाती पडली आणि पुढे लोक बोटींतून बाहेर पडले. सगळेच आकडे वर्षं नसतात, काही घर नंबर, काही शुभांक. आणि उच्चार फो नाही, "फऽ?" असा, प्रश्न विचारल्यासारखा.

पुण्यात कुठे चांगला मिळतो का?

रानजाई
आले. कुकर झाला. @शेवंती_७१ त्या मावशी आहेत का अजून? परत गेलात कधी?

शेवंती_७१
२०१७ला गेले होते लेकीला घेऊन. हॉटेल तेच, मावशींचा मुलगा गल्ल्यावर. त्या मागे बसून तुळस निवडत होत्या. मला लगेच ओळखलं नाही. लेकीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बोट केलं आणि उठल्या. लेकीसमोरचं बर्फाचं पाणी उचललं.

मधुरा_के
😭😭

सुनंदा_वहिनी
सगळं वाचलं गं, छान लिहिता सगळे. शेवंती, गोड्या मसाल्यात बाद्यान किती घालतेस? माझा दरवेळी उग्र होतो.

शेवंती_७१
वहिनी, आईचं प्रमाण: पाव किलो धण्यांना पाच ग्रॅम. मंद आचेवर, वेगळं भाजायचं. दगडफूल शेवटी.