हिंदी सिनेमातली गाणी मोठ्या पडद्यावरच बघावीत का?

ओलीवाट:
२०२३च्या सप्टेंबरात देव आनंदच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याचे जुने सिनेमे थिएटरात परत लागले होते. आईच्या हट्टाखातर मुंबईत तिच्यासोबत 'गाइड' बघितला. तोवर गाणं आलं की गोष्ट खोळंबते, असंच माझं मत होतं. मोबाइलवर तर मी गाणी सरळ पुढे ढकलायचे.

तिथे ती सोय नव्हती. 'आज फिर जीने की तमन्ना है' हे गाणं मुखड्यानं, म्हणजे ध्रुवपदानं, सुरू होत नाही, अंतऱ्यानं, म्हणजे कडव्यानं होतं. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावर त्याचं कारण कळलं. नायिका रोझी, म्हणजे वहिदा रेहमान, आधी काट्यांतून पदर सोडवून घेते, जगायची इच्छा होते ती त्यानंतर. चित्तोडगडाच्या कठड्यांवरून वहिदा नाचत जाते तेव्हा खालची खोली दिसते आणि पोटात गोळा येतो. मोबाइलवर कठडा आणि जमीन एकच. 'तेरे मेरे सपने' हे गाणं दिग्दर्शक विजय आनंदनं अगदी थोड्या, लांबलचक शॉट्समध्ये घेतलंय. संधिप्रकाशात कॅमेरा त्या दोघांना सोडतच नाही. आपणही मग हलत नाही.

माझं म्हणणं एवढंच: ही गाणी या आकारासाठी रचलेली आहेत. छोट्या पडद्यावर आपण त्यांची नुसती आठवण बघतो.

जुनाट्रान्झिस्टर:
साफ असहमत. माझं वय ७६. आम्ही ही गाणी बघितली नाहीत, ऐकली. १९५२मध्ये केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, तेव्हा लोक श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. तिथला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, त्याच वर्षीचा. आकाशवाणीची विविध भारती आली १९५७ला. आमच्या वाड्यात एक रेडिओ आणि ओसरीभर माणसं असत. सिनेमाला जायला पैसे कुणाकडे होते? गाणं चित्रातून सुटलं, म्हणून ते घराघरांत पोचलं. 'गाइड'चा गीतकार शैलेंद्र, त्याचे शब्द ऐकताना मला वहिदा दिसत नाही, मला माझी बहीण दिसते. ते मी पडद्याला का देऊन टाकू?

ओलीवाट:
काका, बहिणीचं वाचून थांबले. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्यांच्याकडे तशी ओसरी नव्हती, त्यांनी कुठून सुरुवात करायची?

पूर्वा_मिरज:
धाग्याशी सहमत, पण 'मोठा पडदा' म्हणजे काय दाखवणार, हे महत्त्वाचं. १९६०चा 'मुगल-ए-आझम' बराचसा कृष्णधवल होता आणि 'प्यार किया तो डरना क्या' रंगीत. शीशमहालाच्या असंख्य आरशांत अनारकली दिसते आणि त्याच क्षणी पडद्यावर रंग उसळलेले असतात. भर दरबारात प्रेम कबूल करण्याचं धाडस त्या रंगांतच आहे. २००४मध्ये अख्खा सिनेमा रंगवून थिएटरात आणला. मी तोच बघितला. भव्य होता, पण पहिल्यापासून सगळंच रंगीत, मग त्या गाण्याला वेगळं काय उरलं? असं करण्यापेक्षा मूळ प्रत टीव्हीवर बघेन.

गडकरी_पेठ:
गाण्यानं गोष्ट खोळंबते ही तक्रार मराठी माणसानं तरी करू नये. १८८०ला किर्लोस्करांचं संगीत नाटक 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा शकुंतलेचं पुढे काय होणार हे प्रेक्षकांना ठाऊकच होतं. ते पदं ऐकायला येत. वन्स मोअर घेत, नाटक रात्रभर चाले. हिंदी सिनेमातलं गाणं त्याच घरातलं आहे.

नीलकंठ७:
तुलना पटली नाही. नाटकात नट स्वतः गातो, वन्स मोअर आला की पुन्हा जीव ओततो, दर वेळी वेगळी जागा घेतो. इथे लताबाई स्टुडिओत गायल्या, नटीनं नंतर ओठ हलवले. पडदा कितीही मोठा केला तरी तो आपली दाद ऐकत नाही.

गडकरी_पेठ:
पडदा ऐकत नसेल, शेजारचा ऐकतो. 'गाइड'लाच माझ्या रांगेतल्या अनोळखी आजी 'पिया तोसे नैना लागे रे'ला बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होत्या. तिसऱ्या अंतऱ्याला आमची अख्खी रांग तेच करत होती.

सईची_आई:
एक बाजू सुटतेय. नायिकेची वाट अडवणारी, ओढणी खेचणारी कितीतरी गाणी आहेत. शेजारी तेरा वर्षांची मुलगी बसलेली असताना ती तीसफुटी पडद्यावर बघवत नाहीत. आजूबाजूला शिट्ट्या वाजतात ते वेगळंच. घरी मी थांबवून तिच्याशी बोलू शकते. सगळ्याच जुन्या गाण्यांना 'जादू' म्हणू नका.

ओलीवाट:
मान्य. मी 'जादू' म्हटलं नव्हतं, पण सूर तसा लागला असेल. रोझीच्या गाण्यात ती स्वतःच्या पायांनी चालत निघते, म्हणून मला ते इतकं भिडलं. सईला 'गाइड' नक्की दाखवा, आणि घरी जाताना बोला.

जुनाट्रान्झिस्टर:
काल मुलाला सांगून ठेवलंय, 'गाइड' परत लागला तर माझंही तिकीट काढ. कठड्यावरचं गाणं बघेन. 'पिया तोसे' मात्र डोळे मिटून ऐकणार.