भूसुरुंग : बत्ती कोण देतो?

प्रश्न : माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा कराराचा मराठी सारांश लिहिते आहे. 'लँडमाइन'ला आपण भूसुरुंग म्हणतो. पण गडचिरोलीच्या बातम्यांत रस्त्याखाली पुरून, लांब बसून तारेने उडवलेली स्फोटकंही भूसुरुंगच. दोन्हींना एकच शब्द चालेल का?

उत्तर : ताई, सारांशात नको. विहिरीच्या कामावरचा सुरुंग आठवा. कातळाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात सोडायची, हाळी द्यायची, माणसं-गुरं लांब गेली की बत्ती. बत्ती देणारा कुणीतरी असतोच. करारातल्या सुरुंगाला तो नसतो. ज्याचा पाय पडतो तोच बत्ती देतो. मग तो सैनिक असो, नाहीतर लढाई संपल्यावर कित्येक वर्षांनी सरपणाला निघालेली पोर.

बंदीची मागणी उभी राहिली ती याच मुद्द्यावर. १९९२ मध्ये सहा संस्थांनी मिळून मोहीम काढली. युद्धभागातल्या इस्पितळांत असे पाय कापावे लागणारे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे शल्यचिकित्सक आपल्या नोंदी घेऊन पुढे आले. तरी मे १९९६ मध्ये जिनिव्हात सरकारांनी मान्य केलेल्या व्याख्येत एक शब्द होताच : माणसाच्या उपस्थितीने, सान्निध्याने वा स्पर्शाने फुटावा म्हणून 'मुख्यतः' बनवलेला सुरुंग. रेडक्रॉस आणि मोहीमवाले या 'मुख्यतः'वर अडून बसले. 'आमचा मुख्यतः वेगळ्याच कामाचा' म्हटलं की सुरुंग नियमातून सुटला! सप्टेंबर १९९७ मध्ये ऑस्लोत ओटावा कराराचा मजकूर ठरला तेव्हा तो शब्द गेला. डिसेंबरात ओटावात सह्या झाल्या. (भारताची सही नाही.) एक क्रियाविशेषण गळावं म्हणून इतकी माणसं झटली, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून सारांशात चुकूनही 'प्रामुख्याने' घालू नका.

शब्द 'व्यक्तिविरोधी भूसुरुंग' घ्या. नुसतं 'भूसुरुंग' लिहिलंत तर रणगाड्यांसाठीचेही त्यात येतील, आणि त्यांच्यावर या कराराने बंदी नाही. गडचिरोलीतल्या तशा स्फोटांना 'पुरलेली स्फोटकं' पुरे.

प्रश्न : मग 'पाय पडताच फुटणारा' अशी सोपी व्याख्या देऊ?

उत्तर : नको, उपस्थिती, सान्निध्य, स्पर्श तिन्ही ठेवा. वाटेत आडवी ताणलेली तार पायात अडकून फुटतो, तोही यातच मोडतो. तार दोन्हीकडे आहे, ताई. गडचिरोलीच्या बातमीतली मात्र उडवणाऱ्याच्या हातात असते.