मळीचं पाणी विहिरीत उतरलंय, थेट हायकोर्टात जावं का?

शिवारकरी:
आमच्या गावाच्या वरच्या अंगाला साखर कारखान्याची डिस्टिलरी (मळीपासून अल्कोहोल काढायचा प्लांट) आहे. पावसाचा जोर असला की रात्री ओढ्यात मळीचं पाणी सोडतात. सकाळी ओढा तांबडा-काळा, वर फेस, आणि वास असा की दारं-खिडक्या लावून बसायचं. यंदा दिवाळीनंतर ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. म्हैस तोंड लावत नाही, आईच्या हातापायाला खाज सुटते. तोंडी सांगून झालं, "बघतो" म्हणतात. पोरं म्हणतात जनहित याचिका टाकू. पण निम्म्या गावाचा ऊस तिथंच जातो. ज्याचं नाव पुढं येईल त्याला ऊसतोड मिळायची नाही, ही धास्ती आहे. कायद्यानं काय करता येईल?

तालुका कोर्टातली वकील:
हायकोर्टात पहिलं हेच विचारतील, की आधी कुणाकडे दाद मागितली? आज तुमच्याकडे एकही कागद नाही. त्यामुळे सुरुवात कागदापासून.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली डिस्टिलरीला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. सांडपाणी किती, त्याचं करायचं काय, सगळं त्यात असतं. कलम २५(६) प्रमाणे या संमतीची नोंदवही बाधित माणसाला पाहता येते. नाहीच दाखवली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. डिस्टिलऱ्यांना बहुधा बाहेर थेंबही न सोडण्याची अट असते. ती अट हातात आली की पाणी किती घाण आहे यावर वाद घालत बसावं लागत नाही. ओढ्यात आलंच कसं, एवढंच विचारायचं.

मग मंडळाकडे लेखी तक्रार, पोच घेऊनच. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो: कारखान्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. तुमची बाटली त्याची जागा घेत नाही. अधिकारी येतील तेव्हा चार जण हजर राहा आणि पंचनाम्यात जागा, वेळ, रंग नीट आलंय का ते वाचूनच सही करा.

ओढ्यात पाणी येणं लगेच थांबवायचं तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सार्वजनिक उपद्रव हटवायला लावणारं कलम: पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याला कमी समजू नका. रतलामच्या लोकांनी तुंबलेली गटारं आणि रस्त्यावर येणारं अल्कोहोल प्लांटचं घाण पाणी याविरुद्ध याच कलमाखाली दाद मागितली होती. नगरपालिका "पैसे नाहीत" म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९८० साली न्या. कृष्णा अय्यर यांनी ती सबब साफ फेटाळली.

भरपाई हवी असेल तर हरित न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, मागायची असेल तर मागणीच्या एक टक्का, पण हजाराच्या खाली नाही. मुदत मात्र आजच वहीत लिहून ठेवा: न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली (पर्यावरणाच्या वादासाठी) कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, कलम १५ खाली भरपाईसाठी पाच वर्षं. सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. "बघतो"वर बसून राहिलात तर सहा महिने असेच निघून जातील.

प्रयोगशाळावाला:
ताईंनी सांगितलं ते कारखान्याच्या नमुन्याचं. विहिरींचे नमुने तुम्ही जरूर द्या, जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणीचा माणूस) सोबत घेऊन. ओढ्यापासून लांबच्या एका चांगल्या विहिरीचाही नमुना त्याच दिवशी घ्या, तुलना तिथंच होते. रंग, टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराईड, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) तपासायला सांगा. आणि कृपा करून ते पाणी पिऊ नका. उकळून किंवा टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकून ही घाण जात नाही. आईला आरोग्य केंद्रात दाखवा, केसपेपर जपून ठेवा.

शिवारकरी:
दोघांचेही आभार. पण नाव कुणाचं द्यायचं?

तालुका कोर्टातली वकील:
तोडीची धास्ती खोटी नाही. वर्षाचा ऊस फडात वाळला तर घर बसतं. म्हणून एकट्याचं नाव नकोच. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा, अर्जदार ग्रामपंचायत. सरपंच कचरत असतील तर ओढ्याकाठचे सगळे विहीरवाले एकत्र सही करा, ऊस घालणारे आणि न घालणारे दोन्ही.

अजून एक. उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरायचा असा निकाल दिला, आणि ते ३७ कोटींवर पैसे भरण्याचं भांडण २०११ पर्यंत चाललं. गावाने तेवढी वर्षं काय प्यायचं? तेव्हा तुमच्या अर्जात भरपाईच्या आधी अंतरिम आदेश मागा: विसर्ग बंद, आणि निकाल लागेपर्यंत कारखान्याच्या खर्चाने रोज टँकर.