प्रतिसाद: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह' की 'लिव्ह्ज'?

'लिव्ह्ज'च. वर एकांनी 'फ्रेंड्स अनेकवचनी आहे म्हणून लिव्ह' असं लिहिलंय, ते बरोबर नाही. शेजारचा शब्द बघून क्रियापद ठरवलं की हमखास फसायला होतं.

आपल्याच भाषेचा आधार घ्या. 'माझ्या मित्रांपैकी एक पुण्यात राहतो.' इथे 'राहतात' असं आपण चुकूनही म्हणत नाही. कारण 'मित्रांपैकी'ला 'पैकी' चिकटलंय, त्यामुळे क्रियापदावर त्याची सत्ता चालत नाही. 'रामाने पोळी खाल्ली' बघा: रामाला 'ने' लागला, म्हणून क्रियापद पोळीकडे वळलं. विभक्तीचा प्रत्यय लागलेलं नाम मराठीत क्रियापद चालवत नाही. इंग्रजीत तेच काम 'ऑफ', 'विथ', 'इन' असे शब्द करतात. त्यांच्यापुढचं नाम बाजूला ठेवा, उरेल तो कर्ता. म्हणून 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी'. मुलांना मी असंच शिकवते आणि ते पटकन उमगतं, नियम पाठ करावा लागत नाही.

अपवाद आहेतच. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज', पण 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', कारण दुसऱ्याचा अर्थ नुसता 'बरेच' असा होतो. 'पोलीस' नेहमी 'आर'.

आणि 'शी इज वन ऑफ दोज गर्ल्स हू वर्क हार्ड' यात मात्र 'वर्क'च हवं, कारण 'हू' त्या मुलींबद्दल बोलतो. ही जागा भल्याभल्यांना चकवते.