मदत हवी आहे: वडील रक्तदाबाच्या वाढीव नोंदी ॲपमधून काढून टाकतात

नमस्कार.

माझे वडील ७१ वर्षांचे असून सदाशिव पेठेत राहतात, मी धायरीला. त्यांना बरीच वर्षे उच्च रक्तदाब आहे आणि टेल्मिसार्टनची गोळी रोज चालू आहे. डॉक्टरांनी घरच्या नोंदी आणायला सांगितल्यावर मी दंडाला कफ बांधायचे, ब्लूटूथने मोबाइलला जोडले जाणारे यंत्र त्यांना घेऊन दिले. पद्धत त्यांनी नीट आत्मसात केली आहे: मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसणे, मग सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणे.

अडचण ॲपची आहे. आकडा १३५/८५ च्या वर गेला की पडदा लाल होतो. तो पाहून वडील घाबरतात, हिरवा रंग येईपर्यंत चार-पाच वेळा मोजतात आणि आधीच्या लाल नोंदी काढून टाकतात. गेल्या रविवारी यंत्रातल्या जुन्या नोंदी चाळताना १५२/९२ आणि १५८/९० असे आकडे दिसले, जे ॲपमध्ये नव्हतेच. दवाखान्यात त्यांचा रक्तदाब वाढलेला दिसतो, परंतु ॲपमधली सरासरी चांगली असल्यामुळे डॉक्टरांनी तो तिथल्या धास्तीचा परिणाम मानून गोळीची मात्रा तीच ठेवली. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण जी वही डॉक्टरांना खरे सांगण्यासाठी होती, तीच आता त्यांची दिशाभूल करत आहे.

रंग आणि इशारे बंद करता येतील, नोंद पुसता येणार नाही, पहिला दिवस वगळून आठवड्याची सरासरी काढता येईल आणि मराठीत मोठ्या अक्षरांत चालेल असे ॲप कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणारी ॲप्स कृपया सुचवू नयेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मोबाइलवर बोट ठेवून मोजणाऱ्या अशा एका ॲपला वाढलेला रक्तदाब असलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांचा ओळखता आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. यंत्रातले मूळ आकडे मी डॉक्टरांना दाखवणारच आहे. मात्र वडिलांना न दुखावता हे त्यांच्याशी आधी कसे बोलावे, याबद्दल ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी अवश्य लिहावे.