पीएच.डी. नाकारली आणि एम.एस.चं बोलावणं आलं: जावं का?

बेदाणा शेड | १२ मार्च, रात्री
तासगावचा आहे. सांगलीत मेकॅनिकल केलं, चार वर्षांची डिग्री. डिसेंबरात अमेरिकेत नऊ ठिकाणी पीएच.डी.चे अर्ज टाकले. आजपर्यंत सहा नकार, तीन ठिकाणी चिडीचूप. परवाच्या सहाव्या नकाराला मात्र शेपूट होतं: पीएच.डी.ला जागा देता येत नाही, पण एम.एस.ला (म्हणजे मास्टर्सला, स्वतःच्या खर्चाने) घेतो, २५ मार्चपर्यंत डिपॉझिट भरा.

मेल आला तेव्हा मी शेडवर रॅकवर माल पसरत होतो. हात डिपिंग ऑइलने बरबटलेले, म्हणून चुलतभावाने मोबाइल उघडला आणि मोठ्याने वाचला. त्याला 'ॲडमिशन' एवढंच कळलं. वडिलांनी ऐकलं, आईने देवापुढं साखर ठेवली. आता रोज कुणीतरी विचारतंय, कधी निघणार?

फी आणि राहणं धरून दोन वर्षांचा हिशेब पासष्ट लाखांवर जातो. बँक बागेचं तारण मागते. माझ्या मते हे आमंत्रण म्हणजे 'पंगतीत पाट नाही, पण पैसे मोजून शेजारच्या खानावळीत जेवा'. जाऊ नये. वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावा. पटत नसेल तर खोडून काढा.

मिरज जंक्शन
खोडतो. मी २०१७ला असाच गेलो. पीएच.डी. नाकारली त्याच विभागात पैसे भरून एम.एस. केलं. पहिल्या सत्रात एका सरांचा कोर्स घेतला, आठवड्याला एकदा त्यांच्या दाराशी उभा राहायचो. दुसऱ्या सत्रात पेपर तपासायचं काम मिळालं, तिसऱ्यात रिसर्च असिस्टंट झालो आणि फी माफ. पुढची पीएच.डी. तिथेच. लांबून आलेला अर्ज म्हणजे कागद रे, तिथला विद्यार्थी म्हणजे ओळखीचा चेहरा. आणि तासगावकरांनी हे विचारावं? टेबलचा माल (खायची ताजी द्राक्षं) गेला नाही की तुम्हीच बेदाणा करता ना?

हरभट रोड
चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, हे मिरजेत सांगत नाहीत वाटतं.
तुझं साल २०१७, भावा. २०२५मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली आणि कित्येक विभागांनी पीएच.डी.च्या जागाच कमी केल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या युमास चान मेडिकल स्कूलने तर त्या मार्चमध्ये दिलेले प्रवेश मागे घेतले. ज्या विभागाकडे पीएच.डी.च्या पोरांना द्यायला पैसे नाहीत, तो एम.एस.वाल्याची फी माफ करेल या भरवशावर बाग तारण ठेवायची? तुझं जमलं, आनंद आहे. तुझ्या वर्गातल्या किती जणांचं जमलं, तेही सांग.

मिरज जंक्शन
एम.एस.ला आम्ही बावीस जण होतो. दोघांचं जमलं. बाकीचे नोकरीला लागले, कर्ज फेडलं. रस्त्यावर कुणी आलं नाही.

हरभट रोड
बावीसात दोन. आणि नोकरीच करायची तर पीएच.डी.चं सोवळं कशाला? नोकरीसाठी जातोय असं वडिलांना सरळ सांगून जावं.

पोवई नाका
साताऱ्यातून. सगळे एम.एस.ला दुय्यम समजून बोलताय म्हणून लिहितो. आमच्या गावच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९००ला नाव घातलेला मुलगा १९१३ला कोलंबिया विद्यापीठात गेला, आधी एम.ए.च केलं, १९१५ला. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ला. बाबासाहेबांना एम.ए. कमीपणाचं वाटलं नाही, मग आपल्याला कसला कमीपणा?

हरभट रोड
त्यांचा खर्च बडोदे संस्थानाने केला, महिना साडेअकरा पौंड. रामजी सुभेदारांनी जमीन गहाण टाकली नव्हती.

पोवई नाका
हे मान्य. पण मग तुझा आक्षेप पैशावर आहे, पदवीवर नाही. धागाकर्ता दोन्हींची खिचडी करतोय, एवढंच म्हणणं.

निवृत्त मास्तर
पोवई नाका यांनी नेमकं बोट ठेवलं. पर्यायी एम.एस. बघताना मी दोनच गोष्टी विचारतो: पैसे कोण देतं, आणि शेवटी प्रबंध आहे का. नुसत्या कोर्सचं एम.एस. पुढच्या पीएच.डी. अर्जाला फारसा हात देत नाही, कारण तुझं संशोधन पाहिलेल्या माणसाचं पत्र त्यातून मिळतच नाही.

बाळा, मद्रास आयआयटीत संशोधनाचं एम.एस. आहे, बंगळुरूच्या आयआयएस्सीत एम.टेक. रिसर्च आहे. गेट म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, तिच्या स्कोअरवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. श्रीमंती नाही, पण सातबारा कपाटात राहतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (आधी भरून ठेवायच्या बंद खात्यात) दाखवावे लागतात. ते पैसे कुणाला द्यायचे नसतात, दर महिन्याला तुलाच खर्चायला मिळतात. आधी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) काढावं लागतं, त्याला वेळ जातो, ते आजच सुरू कर.

आणि वर्षभर थांबणं, जे तू शहाणपण म्हणून मांडलंयस, ते मला सगळ्यात कच्चं वाटतं. थांबून करणार काय? बेदाणा निवडणार? तोच अर्ज पुन्हा गेला तर तेच उत्तर येणार.

कृष्णाकाठची
मास्तर, इथे तुमच्याशी भांडते. मी दोन वर्षं थांबले, पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून. पगारात खोलीभाडं आणि मेस एवढंच भागायचं. घरून दर महिन्याला एक स्थळ यायचं (फोटो, पत्रिका, 'मुलाला शिकलेली चालेल'). पण माझ्या सरांनी जे पत्र लिहिलं, ते कुठल्याही एम.एस.मधून मिळालं नसतं. दुसऱ्या खेपेला पाच अर्ज, दोन होकार, दोन्ही पूर्ण खर्चासह. थांबणं वाईट नाही. घरी बसून थांबणं वाईट.

निवृत्त मास्तर
तेवढी दुरुस्ती मान्य, ताई.

मिरज जंक्शन
एक राहिलं. तीन ठिकाणी चिडीचूप म्हणजे नकार नव्हे. विद्यावेतनासह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते, तिकडच्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा तसा ठराव आहे आणि बरीच विद्यापीठं तो पाळतात. चांगली पोरं चार-चार होकार हातात धरून बसतात. शेवटच्या आठवड्यात सोडतात, तेव्हा प्रतीक्षा यादी हलते. पण हा ठराव पैशासकट आलेल्या प्रवेशापुरता. तुझं एम.एस. त्यात बसत नाही, म्हणून ते २५ मार्चची घाई करू शकतात. मुदत वाढवून माग. फार तर नाही म्हणतील.

हरभट रोड
मिरजेचं पहिल्यांदा पटलं.

बेदाणा शेड | १४ मार्च
मास्तर, गेट गेल्या वर्षी दिली होती, कॉलेजातली सगळी देत होती म्हणून. स्कोअर बरा होता. स्कोअर तीन वर्षं चालतो हे डोक्यातूनच गेलं होतं. मद्रासचा अर्ज भरतोय. मुदतवाढीचा मेलही लिहिलाय.

थांबण्याबद्दल माझंच मत थोडं हललं. अमेरिकेचं एम.एस. नको, यावर मात्र ठाम आहे.

वडिलांना आज सौद्याहून येताना गाडीवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे पास झालास का नापास, तेवढं सांग." काय सांगू?

कृष्णाकाठची
सांग, पेपर अजून तपासतायत. आणि तो मेल पाठवण्याआधी इथे टाक. आपली पोरं चार ओळींच्या कामाला चार परिच्छेद लिहितात.